सतरा नंबरचा दगड

मावशी डाव्या अंगठ्याचं नख वाढवायच्या. बाकी नऊ बोटांची नखं दर रविवारी कापलेली.

डब्यात अर्धं लिंबू असायचं. भाजी कुठलीही असो.

एसटी समुद्राकडेने जायची तेव्हा सगळे पाण्याकडे बघायचे. त्या दुसऱ्या बाजूला, डोंगर कापून रस्ता काढलाय तिकडे बघायच्या.

कुठलीही वस्तू आधी तळहातावर दोनदा झेलायच्या. बटाटासुद्धा.

आणि वर्गात एखाद्या शिक्षकाने मुलाला ‘दगड’ म्हटलं, की दारातून हळूच विचारायच्या, “कंचा?”

जयमालामावशी रेवदंड्याजवळच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या परिचर होत्या. मी जूनमध्ये तासिकेवर मराठी शिकवायला आले. एम. ए. झालेली. दगड म्हणजे मला दगडच. मावशींशी मैत्री झाली ती चहामुळे. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यावर त्या चहा करायच्या, तोही चोरून.

अठ्ठावीस फेब्रुवारीला त्या निवृत्त होणार होत्या. जानेवारीत त्यांनी खडकांचं कपाट रिकामं केलं. चौसष्ट दगड टेबलावर आले.

“पोरी, तुझं अक्षर चांगलं हाय. चिठ्ठ्या लिहून दे,” त्या म्हणाल्या.

“चिठ्ठ्या आहेत की त्यांच्यावर.”

“त्या खोट्या हायेत.”

मग त्यांनी सांगितलं. पूर्वीच्या चिठ्ठ्या त्यांनीच तांदळाच्या खळीने चिकटवल्या होत्या. घरी सगळं खळीनेच चिकटवायची सवय. एका पावसाळ्यात कसर लागली. कसरीने खळ खाल्ली, कागदही खाल्ला. त्या वेळी मावशींची नोकरी कच्ची होती. ओरडा बसेल म्हणून त्यांनी सुट्टीत बसून, रंग बघून, आठवेल तशी नावं पुन्हा लिहिली. काळे एका फळीवर, तांबडे दुसऱ्या, पांढरे तिसऱ्या.

“रंगावरून कदी ओळखू नये,” त्या म्हणाल्या. “एकच खनिज चार रंगांत येतं. तवा मला कुठं म्हायती व्हतं?”

आम्ही रोज शाळा सुटल्यावर बसायचो. आधी नखाने ओरखडायचं. मग लोखंडी खिळ्याने. मग दगडाने काच ओरखडते का बघायचं. फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर रेघ ओढायची. काळपट दगडाची रेघ लाल उमटली तेव्हा मी ओरडलेच. ते लोहखनिज होतं. शेवटी थोडी पूड खरवडून तिच्यावर लिंबू; चुन्याचा दगड असला तर फेस येतो.

मी विचारलं, “खडक आणि खनिज यात फरक काय?”

“खडक म्हंजी चिवडा. खनिज म्हंजी त्यातला शेंगदाना, डाळं, खोबरं.”

मी दहावीपर्यंत हे पाठ केलं होतं. समजलं त्या दिवशी.

फळ्या बदलल्या. वर लाव्हारस थंड होऊन झालेले अग्निजन्य खडक, आपला नेहमीचा काळा पाषाण त्यातलाच. मग गाळ साचून झालेले. मग उष्णतेने, दाबाने रूप पालटलेले. तळाला सुटी खनिजं. मावशी खुशीत असायच्या. काम करताना गुणगुणायच्या.

सतरा नंबरचा दगड आला आणि गुणगुणणं थांबलं. पांढरा, जवळजवळ पारदर्शक. वर चिठ्ठी: स्फटिक, म्हणजे गारगोटीच्या जातीचा. मी खिळा घेतला. सहज ओरखडा उठला. स्फटिकावर खिळ्याने उठत नाही, एवढं मला आता कळत होतं. पुडीवर लिंबू पिळलं. बारीक फेस आला.

“कॅल्साइट!” मी म्हणाले.

“मला म्हायतीय. सोळा वर्सं म्हायतीय.”

सोळा वर्षांपूर्वी शाळेत ‘खडक ओळखा’ स्पर्धा होती. दहा दगड. नववीतल्या सिद्धेशने दहाही बरोबर ओळखले होते. सतराला त्याने कॅल्साइट म्हटलं. हा वहीवर ठेवला की खालची ओळ दोनदा दिसते, असं तो परीक्षकांना सांगत होता. परीक्षक म्हणाले, “ओळ दोनदा दिसते? मग डोळे तपासून घे.” त्यांनी झाकलेली चिठ्ठी बघून गुण कापला. तालुक्याच्या स्पर्धेला दुसराच मुलगा गेला. त्या संध्याकाळी मावशींनी पुस्तकात बघून एकटीने पुडीवर लिंबू पिळून पाहिलं. फेस आला. त्या गप्प राहिल्या. दगड तपासायला शिकल्या त्या तिथून पुढे.

रोजच्या डब्यातलं ते लिंबू मला आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते हसले. “मावशी, इतक्या वर्षांत कुणी विचारलं का? जाऊ द्या.”

“विचारलं व्हतं, सर. एकानं.”

सिद्धेश आता न्हावा शेवाला बंदरात कामाला होता. त्याचा नंबर मी मिळवला. फोन लावायला त्यांना चार आठवडे लागले. निवृत्तीच्या आदल्या दिवशी लावला. स्पीकर चालू होता.

“मावशी? शाळेतल्या? काय झालं, कोण गेलं?”

“कोन न्हाय गेलं रे. मीच चाललेय, रिटायर. सिद्धेश, तो सतरा नंबर... तू बरोबर व्हतास.”

मागे ट्रेलरचे हॉर्न वाजत राहिले.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “पण मावशी, नंतर मी खरंच डोळे तपासून आलो होतो. अलिबागला. आईने वीस रुपये दिले होते.”

मावशी रडतील असं वाटलं. तो हसायला लागला. मग त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून.

“उद्या येतो,” तो म्हणाला. “चिठ्ठी मी लिहिणार. मॅडमना सांगा, हात लावायचा नाही.”

अठ्ठावीसला निरोप समारंभ चारला होता. साडेतीनलाही मावशी प्रयोगशाळेतच होत्या. एकच दगड उरला होता, एक्केचाळीस नंबरचा, फिकट हिरवा. एका कागदावर त्या एकेक तपासणी लिहून ठेवत होत्या. खिळा हातात होता. तेवढ्यात दारात हेल्मेट घेतलेला एक दाढीवाला माणूस उभा राहिला.

“मावशी, माझा दगड कुठंय?”

त्यांनी खिळा ठेवला आणि उठल्या.

त्याने दगड वहीवर ठेवला. आम्ही तिघांनी डोकी जोडून पाहिलं. ओळ दोनदा दिसत होती. मग त्याने गिचमिड अक्षरात ‘कॅल्साइट’ लिहिलं. मावशींनी चिठ्ठी दुकानातल्या डिंकाने चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली, गरजेपेक्षा जास्त वेळ. खालून हाका आल्या. त्याने त्यांची पिशवी उचलली. दोघं भांडतच जिना उतरले, पिशवी कोणी धरायची यावरून.

कपाटात त्रेसष्ट चिठ्ठ्या आहेत. एक्केचाळीस नंबर अजून टेबलावर आहे. शेजारी त्यांचा कागद आहे:

नख – उठत नाही.
खिळा –