हीटर हॉलमधल्या नोंदी

खडोलीच्या ज्या धाग्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळतो, तिथे धाग्याच्या खोलीतलं तापमान आणि दमटपणा दर दोन तासांनी लिहिला जातो. हवा बिघडली की धागा तुटतो. शेजारच्या हीटर हॉलमध्ये, धागा तापवणाऱ्या मशीनींपाशी, माणसं बारा-बारा तास उभी असतात, तिथलं तापमान कुणी लिहीत नसे. दरवर्षी उन्हाळा आधीपेक्षा लांबत चाललेला दिसत होता, म्हणून एका एप्रिलमध्ये मी जादाचा जुना तापमापक तिथे टांगला आणि स्वतःच्या वहीत लिहायला लागलो.

मे महिन्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. ते पुण्याचे, मी नाशिकचा, इथे परप्रांतात दोघंही मराठी, त्यामुळे आमचं बोलणं नेहमी घरच्यासारखं; ते मला 'तू'च म्हणत.

"हे कशासाठी चाललंय?" ते म्हणाले. "उद्या कुणी ती वही मागितली तर आपण दोघंही अडकू."

मी कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो, मुलगी तेव्हा बारावीला होती. मी तापमापक काढून आणला.

आठ दिवसांनी शहाद्याकडचा एक ऑपरेटर मशीनशेजारी कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. तो वाचला, पण किडन्या निकामी झाल्या. कंपनीने सांगितलं, दुखणं आधीचंच असणार. त्याने कंपनीवर भरपाईचा दावा लावला.

एका रविवारी त्याची बायको आमच्या दारात आली. पाणी दिलं तरी बसली नाही.

"भाऊ, तुम्ही हॉलमधली गरमी लिहायचे ना? हे सांगत होते."

"लिहायचो."

"मंग तेवढंच येऊन सांगा."

मी हो म्हणालो, आणि ती गेल्यावर बायकोला म्हणालो की मी जाणार नाही. सुनावणीच्या दिवशी मात्र वही पिशवीत टाकून गेलो.

आधी डॉक्टरांची साक्ष झाली. अशा उष्णतेत वर्षानुवर्षं राबणाऱ्यांच्या किडन्यांना धोका असतो आणि उन्हाळे वाढतायत तसा तोही वाढतोय, असं त्यांनी समजावून सांगितलं. कंपनीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "पण याच माणसाच्या किडन्या त्याच हॉलमुळे गेल्या, हे खात्रीने सांगाल?"

"खात्रीने नाही. शक्यता मोठी आहे."

मग माझी पाळी. त्याच वकिलांनी विचारलं,

"तो पडला त्या दिवशी हॉलमध्ये तापमान किती होतं?"

"माहीत नाही. नोंदी आठ दिवस आधीच थांबल्या होत्या."

"का?" न्यायाधीशांनी विचारलं.

मॅनेजरसाहेब मागच्या बाकावर होते. मला त्यांचं खाकरणं ऐकू आलं.

"थांबवायला सांगितलं होतं."

"लेखी?" वकील म्हणाले.

"नाही. तोंडी."

वही ठेवून घेतली गेली, पण तापमापक तपासून प्रमाणित केलेला नव्हता, आणि नेमका तो दिवस तिच्यात नव्हता. दावा फेटाळला. हॉलमध्ये मोजमाप ठेवावं, एवढा आदेश झाला.

मला कुणी काढलं नाही. साहेब आता 'तुम्ही' म्हणून, कामापुरतं बोलतात. हॉलमध्ये नवं मीटर बसलं, पंखे तेवढेच आहेत. दर पाळीला मी आकडा छापील फॉर्ममध्ये भरतो आणि सही करतो. तो आकडा वाढला तर काय करायचं, याचा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

नवऱ्याचं डायलिसिस इथेच चालू आहे, म्हणून ती बाई गावी परतू शकली नाही. जवळच किलवणीत खोली घेऊन राहते आणि आमच्याच कारखान्यात पॅकिंगला येते. समोर आली की मान हलवते. मीही हलवतो.