पुढचा बुधवार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नीलाला नाही. तिच्याबरोबर एवढा संसार केला, ती गेली, तरी नाही. मुलीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. मी रत्नागिरीत हायस्कुलात मराठी शिकवायचो. खालच्या आळीत दोन खोल्या, बायको, चार वर्षांची मुलगी. आणि टीव्ही — काळा-पांढरा, पण आळीतला दुसराच. आधी त्यावर नुसती दिल्ली दिसायची. मग मुंबईचं मराठी दिसायला लागलं आणि आमच्यासारख्या नाटकवेड्यांना सणच मिळाला. आमचं एक हौशी नाट्यमंडळ होतं. सातआठ जण, सगळे शहाणे. मी त्यातला फार शहाणा. पेपरात येत्या महिन्याचे कार्यक्रम आले की ते कापून मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवायचो. काय बघण्यासारखं आहे, काय टाकाऊ आहे — लोक मला विचारायचे. मला ते आवडायचं. का आवडू नये?

त्या वर्षी चैत्रात मुंबई केंद्रानं दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला काहीतरी खास ठेवलं होतं. पहिल्या बुधवारी नाटक, दुसऱ्या बुधवारी नृत्य, चौथ्या बुधवारी एका बुजुर्ग चित्रकाराची मुलाखत. मी असंच वाचून दाखवलं. तिसरा बुधवार गाळला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या बुधवारी कोकणातल्या लोककला होत्या. त्यात आमच्या गावचं नमन होतं. आणि त्या नमनात, गौळणीत, माझे वडील राधा होते.

थांबा — हे नीट सांगायला हवं. आमचं गाव हातखंब्याच्या तिठ्यापासून दीड तास चालत आत. बाबा भात लावायचे, वरी-नाचणी करायचे, आणि शिमग्यात लुगडं नेसून राधा व्हायचे. पंचवीस-तीस वर्षं. नमनात बाईचं काम पुरुषच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गावात नाही वाटत. मी शहरातल्या शाळेत शिकायला आलो तेव्हा एका मुलाला ते कळलं आणि वर्षभर मी 'राधेचा पोर' झालो. हे कारण म्हणून सांगत नाही. नंतर मी मोठा झालो, बीए झालो, नाटकावर भाषणं ठोकायला लागलो. पुस्तकांतल्या नाटकांवर. कुणी विचारलं तर वडील शेती करतात म्हणायचो. खोटं नव्हतं ना ते?

टीव्हीवाल्यांना गावानं माझाच पत्ता दिला होता, म्हणून त्यांचं पहिलं पत्र माझ्याकडे आलं. शिकलेला मीच. उत्तरं मीच लिहिली, छान अक्षरात. माघात ते लोक गाडी घेऊन आले, दिवसाउजेडी सहाणेसमोर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर, नमन उभं केलं, दोन दिवस शूटिंग केलं. मी गेलो नाही. शाळेत चाचणी परीक्षा आहे म्हणून कळवलं. चाचणी आदल्या आठवड्यातच संपली होती.

मग चैत्रात त्यांचं दुसरं पत्र आलं. कार्यक्रम अमुक बुधवारी, कलाकारांना कळवावे. मी ते घडी करून निबंधांच्या वह्यांखाली ठेवलं.

शनिवारी बाबा आले. एसटीतून उतरून घामाघूम, हातात पिशवी, पिशवीत कोवळा फणस. नीलानं पाणी दिलं. त्यांनी ते हातातच धरलं आणि आधी विचारलं, "कागुद आला काय रे मुंबयचा?"

"आला," मी म्हटलं.

"मग मी हितंच येतंय बगायला. तुज्या त्या नाटकवाल्या मंडळींबरोबर बसतंय. त्यांना समजतं त्यातला. माजा काय चुकला असंल तर सांगतील तरी."

काय चुकलं असेल तर. पंचवीस वर्षं राधा केलेला माणूस आमच्याकडून शिकायला येणार होता. तुम्ही काय केलं असतं? नको, तुम्हाला विचारत नाही. मला एकच दिसलं. माझ्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मंडळातले जोगळेकर वकील बसलेत, बाकीचं मंडळ बसलंय, समोर पडद्यावर लुगडं नेसलेला म्हातारा लाजतोय, आणि तोच म्हातारा धोतर सावरत माझ्या शेजारी बसलाय.

"कवा हाय?" त्यांनी विचारलं.

कार्यक्रम चार दिवसांवर होता. मी म्हटलं, "या बुधवारी नाही. पुढच्या बुधवारी."

एवढंच. आवाज बदलला नाही, काही नाही. वर्गात तारीख सांगावी तशी सांगितली. आणि एक खोटं बोललं की जीभ सैल होते. पुढे म्हणालो, "इथे नका येऊ. आमचा टीव्ही साधा आहे. तिठ्यावर हमीदभाईंचा रंगीत आहे, दुबईहून आणलेला. त्यावर लुगड्याचा रंग दिसेल."

ते त्यांना पटलं. फार पटलं. "हिरवा लुगडा हाय," ते नीलाला म्हणाले. मग पाणी प्यायले.

नंतर चार दिवस होते. गावाकडे जाणाऱ्या कुणाबरोबरही निरोप पाठवता आला असता — चुकलो, याच बुधवारी आहे. मंडळाला तर मी टाळलंच होतं. खेडला सासुरवाडीला जातोय, या बुधवारी जमायला नको, असं सांगून ठेवलं होतं. मग बाबांना तरी बोलवायचं. दोघंच बसून बघितलं असतं. हे मला सुचलं नाही? सुचलं होतं. पण बाबांना कळलं की गावाला कळणार, गाव एसटी भरून येणार, आळीत गलका होणार, कुणीतरी विचारणार — मास्तर, हे तुमचे कोण? नीलाला आणि मुलीला मी खेडला पाठवून दिलं. मागून येतो म्हणालो.

त्या बुधवारी दार लावून मी एकटा बसलो.

बाबा तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आले. मृदंग वाजतोय, पेंद्या ओरडतोय, आणि मागून डोक्यावर मडकं घेऊन राधा चालत येतेय. मी लहानपणी हजारदा बघितलेलं. पण तेव्हा अंधारात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, गर्दीतून. आता कॅमेरा जवळ होता. पायांवर होता. म्हातारा दिसेना. एक बाई चालत होती, थकलेली, तरी ठसक्यात, उजवा पाय जरा लांब टाकत.

मग मधेच त्यांनी बाबांना बसवून विचारलं होतं, ही चाल कुठे शिकलात? बाबा तोंडाला रंग तसाच ठेवून बसले होते. म्हणाले, "शिकलो नाय. आमची मंडळी पाण्याला जायची, तिची चाल हाय ती. ती गेली. मग मी म्हटला, चाल तरी ऱ्हावंदे."

माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली. तिचा फोटो नाही. मला तिचा चेहराही धड आठवत नाही. आणि ती बाई माझ्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीत मडकं घेऊन चालत होती — दरवर्षी शिमग्यात चालत होती, आणि मला ते कधी कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता हा उठला असेल, गावाकडे धावत गेला असेल, पाय धरले असतील. नाही. कार्यक्रम संपला, मी टीव्ही बंद केला, स्टोव्हवर भात टाकला. शेवटी नावं आली होती. बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. ते कुणी वाचलं असेल का, हाच विचार मी भात शिजेपर्यंत करत होतो.

वाचलं होतं. दोन दिवसांनी जोगळेकर वकील बाजारात भेटले. आमच्या मंडळाची नाटकं तेच बसवायचे, सहसा कुणाचं कौतुक करत नसत. रस्त्यात थांबून म्हणाले, "अहो, तुम्ही खेडला गेलात आणि मुकलात. त्या राधेचं काम करणारा म्हातारा — अभिनय अभिनय म्हणून आपण जे बडबडतो ना, ते त्या माणसाच्या पावलात होतं. आडनाव तुमचंच. नात्यातले का?"

ही संधी होती. दुसरी. एक शब्द म्हणायचा होता — वडील. तोही अभिमानानं म्हणता आला असता, इतकं सोपं त्यांनी करून दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे त्या आडनावाचे पुष्कळ आहेत."

का? आता तर लाजायचं कारणही उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर तारीख लपवली होती, ते उघडं पडलं असतं. म्हणून. एका खोट्याला झाकायला बाप नाकारला. दोन वाक्यांत.

मग पुढचा बुधवार आला. मी गेलो नाही. झालं ते नंतर हमीदभाईंनी सांगितलं. रोजे चालू होते. संध्याकाळी त्यांच्याकडे टीव्ही लागत नसे. पण बाबा सकाळीच जाऊन विचारून आले होते, म्हणून रोजा सोडल्या सोडल्या त्यांनी टीव्ही बाहेर ओट्यावर आणून ठेवला. आमच्या गावची साठ-सत्तर माणसं चालत आली होती. बायका, पोरं, मृदंगवाले धोंडूतात्या. हमीदभाईंनी सगळ्यांना खजूर वाटले. बाबांना खुर्ची दिली, पुढे. साडेसात वाजले, आणि पडद्यावर चित्रकार आला. तो बोलतोय, बोलतोय. लोक म्हणाले, याच्यानंतर असेल. त्याच्यानंतर बातम्या लागल्या. कुणीतरी हसलं. धोंडूतात्या म्हणाले, अजून थोडं बघू. बातम्या संपेपर्यंत बसले होते सगळे. "तुमचे वालिद शेवटी उठले," हमीदभाई मला म्हणाले. "मला म्हणाले, तुला फुकट तरास दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं बाबा माझ्या दारात. हातात काही नव्हतं. मी शाळेला निघालो होतो.

"लागला नाय रे काल," ते म्हणाले. "तू जरा इचार ना त्यांना. माजा काय चुकला काय?"

ही तिसरी संधी. आणि मी काय म्हणालो ते अजून जसंच्या तसं आठवतं. मी चपला घालता घालता म्हणालो, "कापलं असेल. वेळ कमी पडतो त्यांना. बरं नसेल झालं ते काढून टाकतात."

बरं नसेल झालं. मी बघितलं होतं ते. या जगात मीच एक होतो जो त्यांना सांगू शकत होता की ते कसं झालं होतं.

त्यांनी धोतर सावरलं. मग म्हणाले, "मना वाटलाच. म्हातारी राधा कोण बगणार." नीला आतून म्हणाली, चहा तरी घ्या. ते म्हणाले, "नको गं बाय, गुरं हायत."

पुढच्या शिमग्यात त्यांनी हिरवं लुगडं धोंडूतात्यांच्या पुतण्याला दिलं. गावानं आग्रह केला, तात्या तर रुसले. बाबा म्हणाले, मुंबैवाल्यांना जमला नाय, तुमी किती दिवस गोड मानून घेणार. त्यानंतर सहा वर्षं जगले. शिमग्यात सहाणेपाशी कडेला बसायचे. नवी राधा बाप्यासारखी चालायची. त्या सहा वर्षांत मी किती वेळा गावी गेलो? तीस वेळा तरी. तीस वेळा शेजारी बसून जेवलो.

कार्यक्रम पुन्हा दाखवा म्हणून मी केंद्राला कधी लिहिलं नाही. अक्षर चांगलं होतं माझं. पुढे त्या टेपचं काय झालं ठाऊक नाही.

आता शेवटचं, आणि हेच सांगणं जड जातंय. निवृत्त झाल्यावर मला लोककलेवर बोलायला बोलावू लागले. काळ बदलला, आता लोककलावंताचा मुलगा असणं शोभेचं झालंय. मी शाल पांघरतो आणि बाबांविषयी बोलतो. आईची चाल सांगतो. बायका डोळे पुसतात. मागच्या वर्षी एका कॉलेजात एका मुलीनं विचारलं, सर, तुमच्या वडिलांनी स्वतःला टीव्हीवर बघितलं तेव्हा ते काय म्हणाले?

मी म्हटलं, आम्ही दोघं शेजारी बसून बघितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त माझा हात धरला.

टाळ्या पडल्या. ते आता मी प्रत्येक भाषणात सांगतो.