तीनशे चौदा

माझा धाकटा भाऊ पुष्कर इंजिनियर आहे. हे तो तोंडाने सांगत नाही, त्याचा चेहरा सांगतो. मी आयटीआयचा वायरमन. भोसरीत नऊ वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, इथे ओसाकात सहा वर्षं तेच करतोय, आणि इथले म्हातारे कारागीर अडलेली मोटार माझ्यापुढे आणून ठेवतात. पुष्करपुढे कोणी काही आणून ठेवल्याचं ऐकलं नाही.

तो टोकियोत, कोतोला राहतो. लहानपणी सायकलची चेन पडली तरी ‘दादा’ म्हणून बोंबलायचा. कॉलेजात गेला आणि मलाच करंट समजावून सांगायला लागला. मला!

जूनमध्ये इथल्या एका पंपाच्या कारखान्यात त्याचा प्रोग्रॅम बसवायचा होता. स्क्रीनवर मोटारीला मिळणाऱ्या विजेची खरी लाट निळी, हिशेबाने काढलेली लाट लाल. दोन्ही जुळल्या तर ठीक, नाहीतर भोंगा. टोकियोच्या ऑफिसात चोख चालला. इथे शुक्रवारी भोंगा थांबेना. कारखान्याच्या मोरी-सानांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर कॉन्ट्रॅक्ट बंद, बिऱ्हाड परत पुण्याला. आणि त्याच्या बायकोला, नेत्राला, आत्ता कुठे नोकरी लागलेली.

शनिवार गेला. रविवारी दुपारीही साहेब माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेले.

“काय करतोयस?”

“फेज लावतोय. म्हणजे लाट कुठून सुरू होते ते. तुला नाही कळणार, दादा.”

“उंची जुळतेय?”

“ॲम्प्लिट्यूड बरोबर आहे. सुरुवातही बसते. पुढे घसरतं, की परत फेज लावतो.”

दोन दिवस हेच. बरोबर निघून जो मागे पडतो, त्याची सुरुवात नाही, चाल चुकलेली असते. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“एकाच उंचवट्याला नाक लावून बसलायस. सेकंदाचा दहावा भाग अख्खा दाखव.”

दाखवला.

“आता मोज.”

“काय?”

“उंचवटे. मोजता येतात ना, की त्यालाही डिग्री लागते?”

बोट लावून मोजले त्याने. निळे सहा. लाल पाच.

“हे ३१४ काय लिहिलंयस?”

“ओमेगा. अँग्युलर फ्रीक्वेन्सी, म्हणजे लाटेची चाल. एक फेरी म्हणजे टू पाय, सहा पॉइंट दोन आठ. सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणून गुणिले...” आणि निळे उंचवटे परत मोजायला लागला.

विजेच्या लाटा सेकंदाला पुण्यात पन्नास, टोकियोत पन्नास. ओसाकात साठ. आमच्या दुकानात मोटारीवरची पाटी वाचल्याशिवाय कोणी तिला हात लावत नाही, कारण पाटीवर दोन्ही आकडे असतात आणि वेगही दोन वेगळे. हा शहाणा कॉलेजातलं ३१४ आरतीसारखं पाठ करून आला.

“माहीत होतं मला,” तो पुटपुटला.

“मग कोणासाठी राखून ठेवलं होतंस?”

साठाने गुणून ३७७ टाकलं. लाल लाट निळीवर जाऊन बसली. सहाच्या सहा. मग गार झालेला आमटीभात त्याने दोनदा वाढून घेतला.

सोमवारी दुपारी फोन आला. भोंगा गप्प, कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढलं.

“मोरी-सान विचारत होते, चूक कोणी शोधली.”

“काय सांगितलंस?”

“टीमने.”

“टीममध्ये कोण कोण होतं?”



“दादा, पुढच्या महिन्यात योकोहामाला बसवायचाय. तिथे किती?”

“पाटी वाच,” म्हटलं, आणि फोन ठेवला.