मांजरं आणि नर्सबाईंचं झाड
सुरूची ओली फांदी मोडली, की त्या वासानं मला मुरबाडचा तो नाताळ आठवतो. आमच्याकडे भाड्यानं राहणाऱ्या नर्सबाईंचा घरापासून दूर असा पहिलाच सण. त्यांनी सुरूची फांदी डब्यात रोवून सजवली आणि आमच्या दोन मांजरांनी ती दोनदा लोळवली! घरून आणलेल्या काचेच्या घंटांपैकी एकच उरली, तेव्हा बाई रडायलाच लागल्या. "रडतेस कशाला गो? आमी दह्याचं शिंकं टांगतो ना, तसं टांगू," म्हणत माझ्या आईनं अख्खं झाड आढ्याला टांगलं. "अहो मावशी, झाड जमिनीवर असतं!" बाई म्हणाल्या. "तुमचा देव वरूनच आला ना? मग झाड आलं तर काय बिघडलं?" बाई डोळे पुसता पुसता खदखदून हसल्या. खाली दोन्ही मांजरं माना वर करून, भक्तांसारखी बसलेली. अजूनही नाताळचं झाड जमिनीवर उभं दिसलं, की मला वाटतं, हे टांगायचं राहिलं.