दाजींचं मशीन आणि ताईचे हात

सकाळी चहा गाळत होतो तेव्हा ताईचा फोन आला. "हे गेले रे... झोपेतच," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली. मला रडू आलं नाही. शेवटच्या काही वर्षांत कंपवाताने दाजींना, आणि त्यांच्यामागे ताईला, इतकं दमवलं होतं की आधी मनात आलं ते 'सुटले' एवढंच. आता महिना उलटून गेलाय, तरी ताईकडे आचोळ्याला जायला पाय उचलत नाहीत.

दाजी फोर्टातल्या एका वर्कशॉपमध्ये भारी स्विस घड्याळं दुरुस्त करायचे. नव्वदच्या सुमाराला आचोळ्याला फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलमधली खिडकीजवळची जागा त्यांनी सगळ्यांच्या आधी अडवली. तिथे टेबल, त्यावर पांढरं कापड, आणि ते बसले की पंखा बंद, मग मे महिना का असेना. मेव्हणा म्हणून थट्टेचा हक्क माझा. "दाजी, घड्याळ सुरू होईपर्यंत आम्ही बंद पडू," मी म्हणायचो. "तू सेलवर चालणारा माणूस, तुला काय धाड भरलीय," ते म्हणायचे. तेव्हा सगळ्यांच्या मनगटावर सेलची घड्याळं आली होती आणि मीही एक मिरवत होतो.

चांगलं मशीन कोणतं, हे विचारलं की मात्र त्यांची कळी खुलायची. लोक आतली माणकं, म्हणजे चाकांच्या टोकांशी बसवलेले लाल खडे, मोजतात, त्यांना ते हसायचे. जिथे घासतं तिथेच माणिक हवं, बाकीचे नुसते दागिने. चावी नुकतीच भरलेली असो की संपत आलेली, घड्याळ मनगटावर असो की उशाशी उताणं, चाल तीच राहिली पाहिजे. जी बाजू कुणाला कधी दिसणार नाही तिच्याही कडा गुळगुळीत हव्यात, कारण धातूचा कण सुटला की तो फिरून फिरून तेलातच जातो. आणि सगळ्यात शेवटी सांगायचे, "बनवणाऱ्याने पुढे उघडणाऱ्याचा विचार केलाय का, ते बघ. भाग आपल्या जागी आपणहून बसला पाहिजे. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकलंय." मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर निम्मं डोक्यावरून जायचं.

आगाशीच्या एका बागायतदार घरातल्या काकू दरवर्षी दिवाळीआधी सासऱ्यांचं घड्याळ घेऊन यायच्या. घड्याळ देखणं, पण नेमकं दसऱ्यानंतर बंद पडायचं. दाजींनी पहिल्यांदा उघडलं तर आत हळदकुंकू आणि अक्षतेचा एक दाणा. खंडेनवमीला कोयता, पंप, तराजू यांच्या रांगेत हेही पूजेला बसायचं, आणि पूजा यंत्राची म्हणून सुरीने मागचं झाकण काढून थेट मशीनलाच कुंकू लागायचं. दाजींनी झाकणावर लावा म्हणून सुचवून पाहिलं. काकू म्हणाल्या, "देवाला काय कपाटाच्या दारावर कुंकू लावतो आपण?" दाजी दरवर्षी कुंकू धुऊन काढत राहिले.

पुढे दाजींचा उजवा हात थरथरायला लागला. वर्कशॉपमध्ये त्यांनी ते लपवलं. त्या वर्षी काकूंचं घड्याळ धुऊन, जोडून झालं, फक्त बॅलन्स बसवायचा राहिला. बॅलन्स म्हणजे केसाएवढ्या स्प्रिंगवर झुलणारं चाक. तेच घड्याळाचा प्राण. रविवारी मी गेलो तेव्हा ते सकाळपासून टेबलाशी होते. चिमटा जवळ नेला की हात उडायचा. हे जमलं नाही तर नोकरीवर जाण्यात अर्थ नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. घामाने शर्ट भिजलेला... बघवत नव्हतं.

ताई आयुष्यभर क्रोशाचं विणकाम करत आलेली. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "उठा. तुम्ही सांगा, मी करते." मला वाटलं, आता चिडतील. ते उठले, डोळ्यावरचं भिंग काढून तिच्याकडे दिलं. शेजारी स्टूलवर बसून हळू आवाजात सांगत गेले... "खाली. अजून. आता सोड, ढकलू नको. तो त्याची जागा शोधेल." ताईने सोडलं. चाक क्षणभर अडखळलं आणि झुलायला लागलं.

"बघ, चांगलं मशीन आहे," दाजी म्हणाले. मग त्या चाकाकडे बघतच म्हणाले, "उद्यापासून मी जात नाही." ताईने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. तिला रडू लपवायचं होतं, हे मला आता कळतंय. त्यानंतर शेवटपर्यंत त्या टेबलावर हात तिचे आणि शब्द त्यांचे असंच चाललं.

गेल्या आठवड्यात जड पायांनी आचोळ्याला गेलो, तर काकू आल्या होत्या. दाजी गेल्याचं त्यांना आगाशीत कळलंच नव्हतं. बातमी ऐकून टेबलाजवळच्या स्टूलवर टेकल्या. मग बंद पडलेलं घड्याळ पिशवीतून काढून ताईपुढे धरलं, "तुझा हात बसलाय की गं, बाई."

"हात आहेत हो," ताई म्हणाली, "पण सांगणार कोण?"

काकूंनी घड्याळ परत पिशवीत घातलं नाही. टेबलावरच ठेवलं आणि चहा न घेताच गेल्या. ताई ते रोज उचलते, खालचं कापड झटकते आणि न उघडता परत तिथेच ठेवते.