मामींचं ऊन

जगात कुठंही शोध लागला, तरी तो आपल्याला न विचारता लावला, एवढं एकच भांडण माझ्या बायकोच्या मामांचं जगाशी होतं. बाकी माणूस लोण्यासारखा. चाकूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, आणि तो आला की गिऱ्हाइकाचं अर्धं वजन तराजूत तसंच ठेवून मामा आधी शास्त्रज्ञांच्या बातम्या काढायचे. खून, निवडणुका त्यांना परक्या; पण शनीला आणखी एक चंद्र सापडला की ती घरची गोष्ट. "मग इतके दिवस झोपले होते काय हे?" असं ते गुळाला आलेल्या म्हातारीला विचारत, आणि तिलाही उगाच अपराधी वाटे. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ही बातमी नेमकी दुष्काळात आली. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या जाडजूड मेहुण्याला त्यांनी भर बाजारात झापलं, "लाज वाटत न्हाई का? एवढी विहीर अंगावर घेऊन फिरायलास, अन् वर घागर घेऊन रांगेत!" परदेशात काचेच्या नळीत मूल तयार झालं म्हटल्यावर त्यांना चिंता एकच, दृष्ट कोणाची काढायची, पोराची का बरणीची?

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी बदली तिथल्या कचेरीत झाली. मला अजून टेबल मिळालं नव्हतं, फायलींच्या पेटीवर बसून मी जिल्हा चालवत होतो. पण मामांच्या लेखी जिल्ह्याच्या ठिकाणचा जावई म्हणजे विज्ञानाचं हेडऑफिस. "जावईबापू, उजेड एवढा पळायलाय तर दमत कसा न्हाई?" मी कॉमर्सचा. आमच्या घरी उडालेला फ्यूजही बायको बसवते. पण सासुरवाडीत जावयानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, म्हणून मी "सवय असते त्याला" असं सांगून मोकळा झालो. मामांना ते पटलं, हे त्याहून वाईट.

मग एक दिवस मामी चुलीपुढं चक्कर येऊन पडल्या. आठवड्यात पुन्हा पडल्या. नाडी फार मंद चालते म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी हैदराबादला धाडलं, आणि तिथले डॉक्टर म्हणाले, छातीत कातडीखाली एक यंत्र बसवावं लागेल, ते ठोका चुकू देणार नाही. नाहीतर जिवाचा भरवसा नाही. साऱ्या जगाच्या शोधांना जाब विचारणारे मामा या वेळी एवढंच म्हणाले, "साहेब, चालतं कशावर?"

"बॅटरीवर."

इथं सगळं बिघडलं. मामांचं अर्धं आयुष्य टॉर्चचे सेल विकण्यात गेलेलं. सेल फुगतो, पाझरतो, ऐन अंधारात दगा देतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ही बॅटरी वेगळी असते, वर्षानुवर्षं चालते, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. "आमीबी गिऱ्हाइकाला असंच सांगतो," मामा म्हणाले.

तरी यंत्र बसलं. मामी लिंगायत; गळ्यात बांधलेलं इष्टलिंग छातीवर, आणि हे खांद्याच्या हाडाखाली, अगदी शेजारीच. "दोघांचं पटंल का?" मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं. ते मामींनी ऐकलं. "न पटायला काय झालं? महादेव एकटाच राखण करत होता, त्याला सोबत झाली."

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी मामांनी अंगणात खुर्ची मांडली आणि मामींना सूर्याकडं तोंड करून बसवलं. आमच्या भागात उतरलेले सेल उन्हात ठेवतात. चांगले तापले की रेडिओ पुन्हा चार दिवस बोलतो. मामांनी हाच इलाज काढला होता. मी भीत भीत म्हणालो, "मामा, डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही."

"डॉक्टरनं कधी सेल इकलेत का?"

वैद्यकशास्त्राला सेल विकण्याचा पेपर नसतो. कॉमर्सलाही नव्हता. मामी डोक्यावर पदर घेऊन निमूट बसलेल्या. मामा दुकानात गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी कशा ऐकता?"

"काय करू, जावईबापू? मी ऊन खाल्लं की मग ह्यांना भाकर जाते."

त्या दुष्काळी वर्षांत ऊन तेवढं मुबलक होतं. अख्खा गाव त्याला शिव्या घालायचा, आणि मामा एकटेच त्याच्याकडं आपला माणूस असल्यासारखं बघायचे.

आणि मग एका ज्येष्ठात आभाळ भरून आलं, ते भरलेलंच राहिलं. मी चाकूरला उतरलो तर बाजारातली सगळी माणसं रस्त्यावर, माना वर. जो तो हसत होता. मामा मात्र ओसरीवर उभे, चेहरा उतरलेला. "जावईबापू, परवापासून ऊन न्हाई," ते इतक्या हळू म्हणाले की जणू गावाविरुद्ध काही बोलतायत. मग त्यांनी खुर्ची तशीच ढगाखाली मांडली. मामी येऊन बसल्या. मामा खाली पायरीवर टेकले, त्यांनी मामींचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटले. दुकानाकडून कोणीतरी हाक मारली, "अहो मालक, साखर द्यायची का न्हाई?"

"थांब की रे," मामा डोळे न उघडता ओरडले, "चालू हाय का बगायलो!"

मामी लाजून हसल्या. "चालू हाय हो," त्या म्हणाल्या, "जावा तुमी."

मामांनी मान डोलावली. हात मात्र सोडला नाही.