एका मापाच्या दोन बहिणी

सकाळपासून वारं असं सुटलं होतं, की दुकानातल्या चिंध्या फेर धरून नाचत होत्या. थोरली शिंपीण कापडावर गुडघा रोवून कात्री चालवत होती. दोन गणवेशांचं कापड एकावर एक ठेवायचं, खुणा एकदाच करायच्या आणि एका दमात कापायचं, ही तिची रीत. धाकटी बहीण शिलाई मशीनवर. पण दोघींचे कान फोनकडे.

दोघींना क्षयही एकदमच झालेला. वजन तेवढंच, गोळ्या त्याच. महिन्याभरात धाकटीच्या गालांवर तजेला आला आणि थोरलीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. थोरलीनं परस्पर निदान केलं: गोळ्या बाधल्या त्या मला एकटीलाच, म्हणजे ही भवानी त्या फेकते! मग रोज जबड्याची झडती.

"आ कर. जीभ वर."

"ताई, मी काय बाजारातला बैल आहे?"

"बैल परवडला. तो औषध लपवत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मात्र थोरलीच्याच गोळ्या बंद केल्या. तिला एकच घोर: औषध सोसलं नाही, तर छातीतलं दुखणं जाणार कसं? मग दोघींच्या रक्ताची खास तपासणी झाली.

"एका आईच्या लेकी असलात, तरी आईबापांकडून वेगवेगळं उचललंय," बाई म्हणाल्या. "क्षयाच्या गोळ्यांतल्या एकीला हिचं यकृत झटपट मोडून टाकतं, तुमचं रमतगमत. म्हणून ती तुमच्या अंगात साचली."

"म्हणजे मी आळशी?"

"तुम्ही नाही, तुमचं यकृत."

धाकटी इतकी हसली, की मास्क हनुवटीवर आला. "ताई, जन्मात पहिल्यांदा तुझं काहीतरी आळशी निघालं गं!"

कावीळ उतरली, तशा एकेक करून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ती एक मात्र कमी मात्रेत. आता सोसतेय की नाही, ते आजच्या रिपोर्टवर.

फोन वाजला. नर्सबाई म्हणाल्या, "यकृत ठणठणीत आहे. हीच मात्रा चालू ठेवा."

थोरलीनं गळ्यातली टेप धाकटीच्या कमरेला टाकली आणि तिला दुकानभर गरागरा फिरवलं. "सुटला गं तुझा जबडा! आणि माझाही जीव!" मग तशीच धापा टाकत, खदाखदा हसत कात्रीकडे वळली, ती थांबेचना.

"ताई, पोरं दोन," धाकटी म्हणाली, "बाह्या सहा कापल्यास. वरचे दोन हात कुणाला?"

"गप गं. त्यांचे खिसे करते," थोरली म्हणाली आणि खडू घेऊन खुणा करायला बसली.